घर गावचे, सामान गावचे

वसई तालुक्यात महामार्ग ओलांडून पूर्वेला पारोळ, मेढे, भाताणे या अंगाला एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी एक चक्कर मारावी. कुठल्याही पाड्यावर घरकुल उभे दिसते. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा नाहीतर स्लॅब, दाराशेजारी योजनेचे नाव आणि लाभार्थ्याचे नाव रंगवलेले. पण पुष्कळदा माणसे त्या घरात नसतात. ती शेजारच्या कुडाच्या पडवीत बसलेली असतात. चूल तिथे, पाण्याचा माठ तिथे, तान्ह्या पोराची झोळीही तिथेच. घरकुलात भाताच्या गोणी, पेटी आणि रेशनकार्ड. का हो, नव्या घरात का नाही बसत, असे विचारले तर हसून उत्तर मिळते, आत भट्टी पेटते.

या हसण्यावर सरकारी कागदात रकाना नाही. कागदावर घरकुल 'पक्के' आणि पडवी 'कच्ची'. पण दुपारच्या वेळी माणूस कच्च्यात बसतो आणि पक्क्यात भात ठेवतो, याचा अर्थ कुठेतरी हिशेब चुकला आहे. तो कुठे चुकला आणि कसा दुरुस्त करता येईल, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख. त्यासाठी आधी एका म्हाताऱ्या वास्तुरचनाकाराची ओळख करून घेऊ. माणूस जन्माने इंग्रज, पण हाडाचा गावकरी.

गवंड्यांचा साहेब

लॉरी बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात झाला. घर बांधण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी तिथेच घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चीनमध्ये जखमी आणि आजाऱ्यांच्या सेवेला गेले. परत जाताना बोटीची वाट पाहत त्यांना काही महिने मुंबईत थांबावे लागले. त्या मुक्कामात त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकरांच्या पायात टाकाऊ कापडाचे हाताने केलेले जोडे होते, गांधीजींचे लक्ष आधी त्याकडेच गेले, अशी आठवण बेकर पुढे सांगत असत. घराचे सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी मनाशी धरला आणि उभ्या आयुष्यात सोडला नाही.

१९४५ साली बेकर कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले. केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोघांनी हिमालयात पिठोरागडला दवाखाना चालवला. तिथे हा शिकलेला वास्तुरचनाकार लोकांना शिकवायला गेला आणि उलटा स्वतःच शिकून आला. डोंगरातला अडाणी म्हटला जाणारा माणूस दगड, माती, लाकूड आणि शेण एवढ्यावर थंडी-पावसाला तोंड देणारे घर बांधतो. त्यात फुकट गेलेले काही नसते. शहरी नकाशात मात्र निम्मे सामान नुसते शोभेला असते. ही गोष्ट बेकरांच्या ध्यानात आली.

पुढे ते केरळात गेले आणि तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. १९७० नंतरच्या काळात तिथल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारती त्यांनी बांधल्या. गिलावा न केलेली वीट, जाळीच्या भिंती, जुन्या कौलांचा वापर हे सगळे तिथे आजही पाहायला मिळते. पुंतुरा येथे मच्छीमारांची घरे बांधताना त्यांनी ती सरळ रांगेत न ठेवता थोडी पुढे-मागे केली. प्रत्येक घराला समुद्राचा वारा मिळाला आणि दारापुढे जाळी दुरुस्त करायला, मासळी वाळवायला अंगण मिळाले. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळी बांधवांना यातले मोल वेगळे सांगायला नको.

बेकर ठेकेदार नेमत नसत. स्वतः बांधावर उभे राहत, गवंड्याशी बोलत, नकाशा बहुधा वापरलेल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढत. १९८५ साली केरळचे माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्याबरोबर 'कॉस्टफोर्ड' ही संस्था उभी राहिली आणि ती बेकरांच्या पद्धतीने गरिबांची घरे बांधू लागली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी, नव्वदीत, ते वारले. आपण कुठे वाया घालवतो ते शोधा, घर आपोआप स्वस्त होईल, एवढेच त्यांच्या सगळ्या कामाचे सार.

केरळ आणि आपली वसई यांत फार अंतर नाही. तोच धो धो पाऊस, तीच दमट हवा, तीच नारळाची वाडी, तीच कौले. म्हणून हा माणूस आपल्या कामाचा.

महाराष्ट्रातली वाट

कोणी म्हणेल, हे केरळातले झाले. आपल्याकडे काय? आपल्याकडे तर सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. तेच आजचे सेवाग्राम. तिथली आदिनिवास आणि बापू कुटी ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कौल यांची आहेत. दरवर्षी देखभाल होते आणि ती अजून उभी आहेत. मातीचे घर टिकत नाही म्हणणाऱ्याने एकदा वर्ध्याला जाऊन यावे.

त्याच वर्ध्यात दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था देवेंद्रकुमार यांनी सुरू केली. कुंभाराने चाकावर केलेली शंकूच्या आकाराची पोकळ कौले एकात एक घालून कमान उभी करायची आणि त्या कमानींचे छप्पर करायचे, असा प्रयोग तिथे झाला. अशा छपराला लोखंडी सळई लागत नाही, तुळया लागत नाहीत आणि कुंभाराच्या हाताला काम मिळते. कौलाच्या पोटात हवा राहते, म्हणून घर तापत नाही.

आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या मुरबाड गावात 'डिझाइन जत्रा' या नावाने काही तरुण वास्तुरचनाकार काम करतात. प्रतीक धानमेर, शार्दूल पाटील आणि त्यांचे सहकारी. मुंबईचे शिक्षण घेऊन त्यांनी कार्यालय खेड्यात थाटले. कारवी, बांबू, माती, वीट, कौल हे सामान आणि गावातलेच कारागीर घेऊन ते घरे बांधतात. वारली घरातली कोणती गोष्ट ठेवावी आणि कोणती सुधारावी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. शिकलेला मुलगा मातीच्या घराला मान देतो हे पाहिले की पाड्यावरच्या माणसालाही आपल्या घराची लाज वाटेनाशी होते.

कूड म्हणजे काय, कच्चा की पक्का?

२०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत गवत, बांबू, माती, कच्ची वीट यांच्या भिंतीची घरे कच्ची म्हणून मोजली गेली. घरकुलाची यादी त्यावरून तयार झाली. गरजूला लाभ मिळाला हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक समज पसरला, की माती म्हणजे गरिबी आणि सिमेंट म्हणजे सुधारणा.

आता कुडाची भिंत नीट पाहा. आधी ऐन-खैराचे खांब उभे करतात. मध्ये कारवीच्या काठ्या उभ्या लावून आडव्या काठ्यांना बांधतात. दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस किंवा पेंढ्याचे तुकडे कालवून लिंपण घालतात. भिंत तीन-चार बोटे जाड, वजनाला हलकी. दमटपणा शोषून घेते आणि ऊन चढले की सोडते. वर पेंढा किंवा कौल, खाली शेणाची जमीन. वारा आरपार.

हलकेपणाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची तीव्रता चारच्या पुढे गेली. कितीतरी रात्री लोकांनी घराबाहेर, तंबूत काढल्या. भूकंप माणसाला मारत नाही, त्याचे घर मारते, असे म्हणतात ते खरे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हेच झाले. लातूर-उस्मानाबादकडे (आताचे धाराशिव) दगडाच्या जाडजूड भिंती मातीत रचलेल्या आणि माळवदावर मातीचा मोठा थर. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यातही पुष्कळ ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि दगड तेवढे ढासळले.

यातून शिकायचे ते असे की दोष एकट्या मातीचा नव्हता. वरचे ओझे आणि न बांधलेली भिंत, हा खरा दोष. जोत्याच्या पातळीवर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन पट्टे घराला चारी बाजूंनी बांधून घेतात. मातीच्या घरात ते बांबूचे किंवा लाकडाचेही चालतात. कोपऱ्यात भिंती एकमेकींत गुंतवल्या पाहिजेत. मातीच्या घराला भूकंपात कसे सांभाळावे यासाठी भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच मानक काढले, क्रमांक १३८२७. कनिष्ठ अभियंत्यांनी कपाटातून ते काढून एकदा वाचावे.

लोकांना स्लॅबच का हवा?

इथे खरे बोलले पाहिजे. मातीच्या घराचे गोडवे शहरातून आलेला पाहुणा गातो आणि संध्याकाळच्या लोकलने परत जातो. राहणाऱ्याला कष्ट पडतात. दरवर्षी पावसाआधी छप्पर शाकारायचे, पावसानंतर लिंपण करायचे. पूर्वी घरात हात जास्त होते. आता तरुण पोरे-पोरी महामार्गालगतच्या कंपनीत, नाहीतर दिवाळीनंतर वीटभट्टीवर. पेंढाही पूर्वीइतका लांब मिळत नाही, बुटक्या वाणांनी तो घालवला. कारवी आणायला जंगलात गेले की अडवणूक होण्याची भीती. वाळवी लागते, उंदीर-घुशी भिंत पोखरतात, चुलीची ठिणगी पेंढ्यावर पडली तर सगळे खाक. आणि मुलीला स्थळ बघायला पाहुणे आले की ते आधी भिंतीकडे बघतात. या अडचणी खऱ्या आहेत, त्यांना हसून उडवू नये.

म्हणून प्रश्न माती की सिमेंट असा घालायचा नाही. कुठे काय, हा प्रश्न घालायचा. बेकरही सिमेंट वापरत. फक्त जिथे त्याशिवाय भागत नाही तिथे, आणि तिथेही थोडे.

हिशेबाची गोष्ट

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. भागून पाहा. चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये पडतात. जोडीला रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार धरलेले होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्याकडून भर घातली. तरीही या पैशात ठेकेदार स्लॅबचे चांगले घर देईल काय, ते ज्याने त्याने आपल्या गवंड्याला विचारावे. पैसे पुरत नाहीत, मग माणूस व्याजाने काढतो, दागिना मोडतो, नाहीतर भट्टीवाल्याकडून उचल घेतो.

आणि तो पैसा जातो कुठे? सिमेंट बाहेरून, सळई बाहेरून, पत्रा बाहेरून, ठेकेदार बाजारगावचा. सरकारने गावात पाठवलेला पैसा एका महिन्यात गावाबाहेर जातो. तेच कूड, कौल, माती, बांबू, सुतारकाम यांत गेले तर त्यातला मोठा वाटा पाड्यावरच्या हातांना मजुरी म्हणून मिळतो. स्वस्त घराचा हा दुसरा अर्थ.

वसई-भिवंडी-वाड्याच्या वीटभट्ट्यांवर कोण राबते हे आपल्याला ठाऊक आहे. आदिवासी कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन पोराबाळांसकट भट्टीवर जाते आणि पाऊस आला की परतते. मुलांची शाळा बुडते. जो लाखांनी विटा पाडतो त्याच्या स्वतःच्या घराला वीट मिळत नाही. म्हणून एकेक वीट वाचवणे यात नुसती काटकसर नाही, त्या विटेमागच्या घामाची किंमत आहे. रेतीचेही तसेच. वैतरणा खाडीतला उपसा आणि त्यामुळे रेल्वे पुलांना होणारा धोका ही चर्चा आपण कितीदा वाचली. जगभरात हवेत जाणाऱ्या कार्बन वायूपैकी साधारण आठ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखानदारीतून येतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

करून पाहण्यासारखे

आता गवंड्याच्या आणि घरमालकाच्या उपयोगाचे.

उंदीर-सापळा भिंत : याला बेकरांच्या पद्धतीत 'रॅट ट्रॅप' म्हणतात. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची. भिंत नऊ इंचीच राहते, पण मध्ये पोकळी तयार होते. विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात, मसालाही वाचतो. पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची झळ आत उशिरा पोचते. मात्र वीट एकसारखी हवी. हातपाडीच्या विटा लहान-मोठ्या असतात, म्हणून एकाच भट्टीतून, एकाच आव्यातली वीट घ्यावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. कमरेइतक्या उंचीवरून मातीत टाकली तर फुटता कामा नये. चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढले तर ती वीट बाहेरच्या भिंतीला नको.

गिलाव्याविना भिंत : केरळात बेकरांनी ती केली, पण डोळे मिटून नक्कल करू नये. आपली वीट मऊ असेल तर नैर्ऋत्येकडच्या पावसाची झड तिला खाईल. छपराची पाखी भिंतीच्या बाहेर किमान दोन-अडीच फूट काढली आणि झडीच्या बाजूला पडवी घेतली तर भिंत कोरडी राहते. जुन्या घरांना ओटी आणि पडवी उगीच नव्हती. आगाशी, नंदाखाल, गास, निर्मळ भागातली जुनी कौलारू घरे याची साक्ष देतात.

कौल घातलेला स्लॅब : स्लॅब हवाच असेल तर खालच्या अंगाच्या काँक्रीटला तसे काम फार नसते, ताण सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकोनात दोन-दोन जुनी मंगळुरी कौले ठेवून वर काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचते, स्लॅब हलका होतो आणि घर कमी तापते. वसईत जुने घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा कौले मातीमोल जातात, ती घ्यावीत. पण हा स्लॅब अभियंत्याच्या नकाशाशिवाय घालू नये. भिंतीबाहेर काढलेल्या सज्जाला तर मुळीच नको.

जोते : घराची खरी पक्की जागा जोते. इथे खर्चाला मागे-पुढे पाहू नये. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारमध्ये घराघरांत पाणी शिरले, रेल्वे बंद पडली, लोक अडकले. बावखले बुजली, नाले आवळले, मग पाणी जाणार कुठे? मातीच्या भिंतीचा मोठा वैरी पाणी, आणि तेही पायथ्याचे. दगड-चुन्यात किंवा दगड-सिमेंटमध्ये जोते उंच घ्यावे. गेल्या पुराची खूण आठवून त्याच्या वर घ्यावे. वसईच्या किल्ल्यात समुद्राचा वारा खात चुन्यातली दगडी भिंत शेकडो वर्षे उभी आहे. चुन्याची ताकद काय असते ते तिथे हात लावून पाहावे.

माती : सगळी माती चालत नाही. किनाऱ्याची रेताड, पूर्वेकडच्या भातशेतीची चिकण. साधी परीक्षा अशी. बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी घालून जोराने हलवावे आणि एक दिवस ठेवावे. खाली वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर दिसतात. नुसती चिकण असेल तर भिंतीला भेगा जातील, वाळू मिसळावी. नुसती वाळू असेल तर धरणार नाही. दाबून केलेल्या मातीच्या विटेत शंभर भागाला पाच ते आठ भाग सिमेंट पुरते. चिकण जास्त असेल तर चुना बरा. अशी वीट भाजावी लागत नाही, म्हणजे सरपणही वाचते. शेतातला वरचा सुपीक थर मात्र काढू नये, तो पिकाचा. जोत्याच्या खोदाईतली खालची माती घ्यावी.

बांबू : शेतकऱ्याने बांधावर लावावे असे पीक. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. आपल्या मालकीच्या जमिनीतला बांबू तोडणे त्यामुळे सोपे झाले. घरासाठी तीन-चार वर्षांचा जून बांबू घ्यावा, कोवळा नको. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा, तेव्हा त्यात साखर कमी असते आणि कीड कमी लागते. बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग पाण्यात विरघळवून त्यात तो आठवडाभर बुडवून ठेवावा आणि सावलीत वाळवावा. पेऱ्यांना आतून भोके पाडली तर औषध सगळीकडे पोचते. बांबू थेट जमिनीत पुरू नये, दगडाच्या किंवा काँक्रीटच्या पायावर उभा करावा. एवढे केले तर वाळवी आणि भुंगा दोघेही लांब राहतात.

कारवी : दर सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळते. जंगलाचे नुकसान न करता ती काढायची तर वनहक्क कायदा २००६ प्रमाणे मिळालेला सामूहिक हक्क आणि ग्रामसभेचे नियोजन उपयोगी पडते. कुठल्या भागातली, किती आणि कधी काढायची हे ग्रामसभेने ठरवले तर अडवणुकीचा प्रश्नही सुटतो.

ग्रामपंचायतीच्या हातात काय?

ग्रामपंचायत अधिकारी (गावाच्या तोंडी ते अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच) एक शंका काढतात. मातीचे घर दाखवले तर हप्ता निघेल का? शंका रास्त आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराचा अर्थ असा दिला आहे, की वापर आणि हवामान सोसून, वाजवी देखभालीत, जे किमान तीस वर्षे टिकेल ते घर. सिमेंटच पाहिजे असे त्यात नाही. स्थानिक सामान आणि स्थानिक नमुने वापरावेत असाच योजनेचा सूर आहे. त्यासाठी केंद्राने 'पहल' या नावाने निरनिराळ्या भागांतल्या हवामानाला साजेशा घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला. गवंड्यांना प्रशिक्षण देण्याचीही तरतूद योजनेत झाली. म्हणजे दार उघडे आहे, आपण आत जात नाही. एकाच छापाचे घर काढले की फोटो चढवायला सोपे, मोजमाप सोपे, बिल सोपे. सोपे कुणाला? राहणाऱ्याला नव्हे.

पण सूचनेतला तो तीस वर्षांचा शब्द घरमालकानेही मनावर घ्यावा. नुसते कूड लिंपून ते होणार नाही. उंच जोते, प्रक्रिया केलेला बांबू किंवा पक्के लाकूड, पट्टे, मोठी पाखी, कौलारू छप्पर, एवढे जुळले तर मातीचे घर पक्के म्हणवण्याच्या लायकीचे होते.

एक व्यवहारी तोड सुचते. २६९ चौरस फुटांत एक खोली विटेची करावी, रॅट ट्रॅप भिंतीची, जिथे धान्य, कागदपत्रे, पोरांची पुस्तके सुरक्षित राहतील. बाकीची जागा, म्हणजे चूल, बसण्या-उठण्याची जागा आणि पडवी, बांबू-कारवीच्या कुडाची, वर सलग कौलारू छप्पर. आग लागली, वारा सुटला, तरी एक खोली शाबूत. उन्हाळ्यात दुपारी बसायला पडवी. आजही पाड्यावर लोक असेच राहतात. फक्त ती पडवी त्यांना घरकुलाबाहेर, स्वतःच्या पैशाने, नियमाच्या आड बांधावी लागते. ती नकाशात आत घ्यायची, एवढाच बदल.

आणि हे नुसते बोलून होणार नाही. लोक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. शेतीत नाही का आपण आधी एक गुंठा नवे वाण लावून बघतो? तसे गटात एका ग्रामपंचायतीने एक नमुना घर बांधावे. लाभार्थी स्वतः तयार असेल तोच घ्यावा, जबरदस्ती नको. गावातला गवंडी, सुतार आणि कुडाची कामे करणाऱ्या बायका यांना बरोबर घ्यावे. लिंपणाची खरी जाणकार घरातली बाई असते, तिला नकाशाच्या वेळी कोणी विचारत नाही. चूल कुठे, धूर कुठून जाणार, भात कुठे कांडणार, पावसात सरपण कुठे ठेवणार, हे तिने सांगावे आणि अभियंत्याने लिहून घ्यावे. खर्चाचा तपशील ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. किती पैसा गावात राहिला आणि किती बाहेर गेला तेही त्यात यावे. मग दोन पावसाळे त्या घराकडे लक्ष ठेवावे. कुठे भेग गेली, कुठे ओल आली, ते प्रामाणिकपणे नोंदवावे. चुकले तर दुरुस्त करून दुसरे घर बांधावे.

वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. पश्चिमेला इमारतींची रांग वाढतेच आहे आणि तिची सावली हळूहळू पूर्वेच्या पाड्यांवर पडते आहे. पाच-दहा वर्षांनी कूड विणणारे हात राहतील की नाही, सांगता येत नाही. पिठोरागडच्या गवंड्याकडून शिकायला बेकरांना परदेशातून यावे लागले. आपल्याला पाड्यावर जायला महामार्ग ओलांडला की पुरते.

येत्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. घर मिळाले ते ठीक, पण दुपारी त्यात बसवेल ना? उत्तर लाभार्थ्याकडून घ्या आणि ते इतिवृत्तात लिहा.